भोर-वेल्ह्याच्या पोरांना डोंगर वाचू द्या!

पुणे जिल्ह्याच्या नैऋत्य टोकाला भोर आणि वेल्हे हे दोन तालुके आहेत. वेल्ह्याचे नाव आता सरकारदप्तरी राजगड झाले, परंतु नाव बदलल्याने विहिरीला पाणी लागत नाही. घाटमाथ्याकडच्या गावांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो. आणि होळी झाली की त्याच गावांच्या वाड्या-वस्त्यांतून बायाबापड्या डोक्यावर हंडा घेऊन झऱ्याच्या शोधात निघतात. वर ढगांचे माहेर आणि खाली घशाला कोरड, असा हा मुलूख आहे.

बरे, हे पाणी जाते तरी कोठे? भोरमध्ये वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण आहे. इंग्रजांनी ते १९२८ साली पुरे केले, त्याच्या आधीचे जुने धरण तर एकोणिसाव्या शतकातले. नीरा नदीवर देवघरचे धरण आहे. या पाण्यावर बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसचा ऊस उभा राहिला आणि उसावर राजकारण उभे राहिले. वेल्ह्याकडे पानशेत आणि वरसगाव. त्यांचे पाणी खडकवासल्यातून पुणे शहराच्या नळाला येते. म्हणजे ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्या पोरांनी धरण डोळ्यांनी पाहायचे, आणि पाणी मात्र पन्नास-शंभर किलोमीटरवरच्या माणसाने प्यायचे. यातले राजकारण आम्ही पुष्कळदा लिहिले आहे. आज त्या राजकारणाच्या बुडाशी असलेली एक गोष्ट लिहायची आहे. या तालुक्यातल्या शाळेतले पोर उठून 'गुरुजी, एवढा पाऊस पडूनही आमची विहीर मार्चमध्ये का आटते?' असे विचारत नाही. विचारले तरी त्याला उत्तर मिळत नाही. मिळालेच तर 'देवाची करणी' एवढेच मिळते.

उत्तर मात्र पायाखाली आहे. सह्याद्रीचा हा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून आलेल्या लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला. एखादा थर घट्ट काळ्या पाषाणाचा, त्यात पाण्याला शिरायला जागा नाही, असलीच तर भेगांमधून. एखादा थर सच्छिद्र, बुडबुड्यांची भोके असलेला. तो झिजला की पाणी धरतो. विहिरी खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीची पट्टी दिसते. एक लाव्हा थंड होऊन दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्याची ती खूण. पावसाचे पाणी भेगांतून खाली उतरते, घट्ट थर लागला की आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडते. डोंगराचा उतार तीव्र, वर माती वीतभर, झाडे तुटलेली. म्हणून बहुतेक पाणी मुरण्याआधीच ओढ्याला लागते आणि धरणात जाते. राजगडाच्या किंवा तोरण्याच्या वाटेवर हे थर कोणालाही दिसतात. गडावर दरवर्षी हजारो लोक जातात, फोटो काढतात, जयजयकार करतात. पण पायथ्याच्या शाळेतील पोरीला कोणी गडाचा एक दगड हातात देऊन 'हा काय आहे, सांग' असे विचारलेले आम्ही फारसे पाहिले नाही.

अलीकडे मात्र या भागातल्या शाळांतून एक नवा शब्द ऐकू येऊ लागला आहे, 'स्टेम'. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित एकत्र, हाताने करून शिकायचे. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून पेट्या येतात, संस्थांचे कार्यकर्ते येतात, पोरे मातीचे ज्वालामुखी करतात, भूकंपाला टिकणारी काड्यांची घरे बांधतात, पाणी गाळायची बाटली तयार करतात. याचे स्वागत करावे की नाही? आमच्या काही मित्रांना यात काळेबेरे दिसते. त्यांची शंका आम्ही हसण्यावारी नेत नाही, कारण तिला इतिहास आहे.

१९५३ साली मद्रास प्रांतात राजाजींनी प्राथमिक शिक्षणाची एक योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात बापाचा धंदा शिकावा. चांभाराच्या पोराने चामडे शिवावे, परटाच्या पोराने कपडे धुवावेत, आणि भटजीच्या पोराने काय करावे ते सांगायला नको. पेरियार रामस्वामींनी या योजनेला कुलधंद्याचे शिक्षण म्हणून झोडपले, तामिळ मुलूख पेटला, राजाजींना जावे लागले आणि १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती योजना गाडली गेली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे लिहिले आहे. कागदावर ते निरागस दिसते. पण शहरातल्या इंग्रजी शाळेतला मुलगा कुंभाराच्या चाकाशी दहा दिवस खेळून पुन्हा संगणकाकडे जाईल, आणि भोरच्या डोंगरातला मुलगा त्या चाकापाशीच ठेवला जाईल, ही भीती खोटी आहे असे कोणी म्हणू नये. 'हाताने शिका' हे वाक्य या देशात ज्याच्या तोंडून येते आणि ज्याच्या पोराला सांगितले जाते, त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

तरीही आमचे मत असे आहे की, हाताने विज्ञान शिकणे आणि हाताने जातीचा धंदा शिकणे या दोन गोष्टी एक नाहीत. कुलधंद्यात पोराने प्रश्न विचारायचा नसतो, बापाने केले तसे करायचे असते. प्रयोगात पोराने प्रश्नच विचारायचा असतो, आणि गुरुजींचे उत्तर चुकीचे निघाले तर ते चुकीचे आहे असे म्हणायचे असते. तथागतांनी कालामांना जो उपदेश केला, त्याचा गाभा यापेक्षा वेगळा नाही. परंपरा, ग्रंथ, गुरू यांपैकी कोणाच्याही नावावर न जाता स्वतः पडताळून पाहणे, हा त्याचा अर्थ. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात ज्या जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसले, त्या ड्यूईंनी १८९६ मध्ये शिकागोला प्रयोगशाळेसारखी शाळा काढली होती. करून पाहण्यातून, अडचण सोडवण्यातून माणूस शिकतो आणि अशी माणसेच लोकशाही चालवतात, हा त्यांचा विचार. तेव्हा स्टेमवाल्यांनी हा विचार परदेशातून काल आणला असे कोणी समजू नये. तो आमच्या घरात फार आधी आलेला आहे.

आणि त्याच्याही आधी जोतीराव आहेत. पुण्याहून भोरकडे जाताना कात्रजचा जुना बोगदा लागतो. त्या बोगद्याच्या कामात कंत्राटदार म्हणून जोतीरावांचा हात होता. खडकवासल्याच्या कामातही होता. दगड, उतार, पाणी या गोष्टी त्यांना पुस्तकातून नव्हे, कामावरून ठाऊक होत्या. म्हणूनच १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांनी नुसता भटशाहीवर आसूड ओढला नाही. डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पाणी मुरवावे, वाकबगार पाणाड्यांकडून जमिनीची पाहणी करून पाण्याच्या जागा गावाच्या नकाशावर दाखवाव्यात, असेही सुचवले. आज ज्याला पाणलोट विकास आणि भूजल नकाशे म्हणतात, तेच हे. त्याच्या आदल्या वर्षी, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध आणि हिशेबाबरोबर भूगोल, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे मागितले. पुढे बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांच्या योजना पुढे आल्या आणि १९४५ मध्ये आजच्या केंद्रीय जल आयोगाचा पूर्वज असलेला आयोग स्थापन झाला. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत पाणी घेणारा हात आणि नदीखोऱ्याच्या योजनेवर सही करणारा हात एकच होता. आम्ही पहिल्या हाताची जयंती करतो; दुसऱ्या हाताने काय केले ते वाचत नाही.

येथे जातीचा प्रश्न नेमका कोठे येतो ते पाहा. या देशात ज्याने मातीला हात लावला त्याला लिहिता येऊ दिले नाही, आणि ज्याने लिहिले त्याने मातीला हात लावला नाही. वडाराला दगडाची शीर कळते. कोठे घाव घातला तर दगड सरळ फुटेल हे तो पाहून सांगतो. गावाच्या शिवेचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष घेत, कारण ओढा कोठून वळला आणि हद्दीचा दगड कोठे होता हे त्यालाच ठाऊक असे. कातकऱ्याला कोणता झरा मेपर्यंत टिकतो ते माहीत. धनगराला कोणत्या उतारावर गवत आधी वाळते ते माहीत. हे सगळे भूशास्त्रच आहे. पण त्याला कोणी शास्त्र म्हटले नाही, कारण ते सांगणाऱ्याच्या अंगावर जानवे नव्हते आणि हातात पदवी नव्हती. उलट भूशास्त्राची पदवी घेऊन जो अधिकारी गाडीतून येतो, तो वाटाड्या म्हणून याच कातकऱ्याला पुढे घालतो आणि अहवालात त्याचे नाव लिहीत नाही. या दोन माणसांमधली भिंत पाडायची असेल, तर कातकऱ्याच्या पोरीला मोजायला आणि लिहायला आले पाहिजे. जे आईला दिसते त्याचा आकडा तिच्या वहीत आला पाहिजे. आकडा आला की सरकारला उत्तर द्यावे लागते.

आणि आकड्यासाठी लाखाची प्रयोगशाळा लागत नाही. सरळ भिंतीचा एक पत्र्याचा डबा आणि फूटपट्टी घेतली की पर्जन्यमापक तयार. डबा झाडापासून, भिंतीपासून दूर उघड्यावर ठेवायचा, रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टी बुडवायची, पाणी किती मिलिमीटर साचले ते लिहायचे आणि डबा रिकामा करायचा. हवामान खातेही सकाळी साडेआठालाच नोंद घेते, म्हणजे पोरीची नोंद खात्याच्या नोंदीशी ताडून पाहता येते. आता पुढचे गणित. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर छपरावर पडला तर एक लिटर पाणी होते. शाळेचे छप्पर शंभर चौरस मीटरचे आणि वर्षाचा पाऊस दोन हजार मिलिमीटर असेल तर त्या एका छपरावर दोन लाख लिटर पाणी पडले. पाचवा हिस्सा सांडला, उडाला असे धरले तरी एक लाख साठ हजार लिटर उरले. शाळेत चाळीस पोरे आहेत, प्रत्येकाला दिवसाला पाच लिटर धरले, उन्हाळ्याचे नव्वद दिवस धरले, तर लागतात अठरा हजार लिटर. छपरावर पडले त्याचा दहावा भागही नाही! मग टाकी का नाही? हा प्रश्न सातवीच्या पोराने त्रैराशिक मांडून काढलेला असेल, तर ग्रामसभेत तो उडवून लावणे सरपंचाला जड जाईल. 'समस्या सोडवण्याचे कौशल्य' हा शब्द स्टेमच्या पत्रकांत फार असतो. आमच्या मते ते कौशल्य म्हणजे हे. कागदाचा मनोरा किती उंच उभा राहिला यात ते नाही.

तसेच विहिरीचे. दोरीला दगड बांधून दर शनिवारी पाणी किती हात खाली आहे ते मोजायचे आणि आलेख काढायचा. पुण्यात मुख्यालय असलेली राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या नोंदी वर्षातून चार वेळा घेते. गावची पोरे बावन्न वेळा घेऊ शकतात. दोन पत्र्यांच्या तबकांत माती भरून एकावर गवत लावायचे, दोन्ही सारख्या उताराला ठेवून झारीने पाणी घालायचे आणि खाली किती गढूळ पाणी, किती वेळात येते ते पाहायचे. हे पाहिलेले पोर डोंगरावर जेसीबी लावून फार्महाऊससाठी सपाटी करणाऱ्या पुण्याच्या साहेबाकडे वेगळ्या नजरेने पाहील. पाहिले पाहिजे.

या नजरेवर जीव अवलंबून आहे, हे आम्ही अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, माळीण गाव डोंगराखाली गेले; दीडशेच्या वर माणसे मेली, आणि गाव जागेवर नाही हे जगाला प्रथम कळले ते एसटीच्या चालकामुळे. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड तालुका लागतो. तेथे त्याच डोंगररांगेच्या कोकणाकडच्या उतारावर तळिये गाव २२ जुलै २०२१ रोजी गाडले गेले, ८० हून अधिक बळी गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली, ठाकर आदिवासींची वस्ती. माळीणनंतर भूवैज्ञानिकांनी पुणे जिल्ह्यातल्या धोक्याच्या गावांची पाहणी केली, त्यात भोर आणि वेल्ह्यातीलही गावे होती. पण इर्शाळवाडी सरकारच्या धोक्याच्या यादीत नव्हतीच, असे सरकारनेच सांगितले. म्हणजे यादीत नाव नसले तरी डोंगर कोसळतो. मग डोंगराखाली झोपणाऱ्याने कोणावर विसंबायचे?

डोंगर बहुधा आधी खुणा देतो. जमिनीला भेग पडते. झाडे आणि विजेचे खांब कलू लागतात. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते किंवा भलत्याच जागी पाणी फुटते. घराच्या भिंतीला तिरपी चीर जाते. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकून मधले अंतर दर आठवड्याला, आणि पावसात रोज, मोजायचे, एवढे काम चौथीचे पोर करू शकते. अंतर वाढू लागले की तहसीलदाराला कळवायचे आणि त्याची पोच घ्यायची. तबकातल्या मातीचा प्रयोग येथे पुन्हा उपयोगी पडतो. तीच माती कोरडी असताना किती उतारावर घसरते आणि पाणी पिऊन जड झाल्यावर किती उतारावर, हे ज्याने हाताने करून पाहिले त्याला दोन दिवस सलग कोसळणाऱ्या पावसाचा अर्थ कळतो. अर्थात पोरांच्या खुंट्यांनी सरकारची जबाबदारी संपत नाही. पुनर्वसन हा हक्क आहे आणि तो सरकारकडूनच घ्यायचा आहे. पण 'धोका आहे' हे सिद्ध करायला गावाकडे स्वतःची वही असणे आणि नसणे यात फार अंतर आहे.

आता प्रश्न येतो, हे शिकवायचे कोठे? कारण शाळाच टिकेल की नाही याची खात्री नाही. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या शाळा बंद करून जवळच्या शाळांत घालण्याचा घाट घातला गेला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळांच्या जागी समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला, आणि त्यासाठी नमुना म्हणून दाखवली गेली ती नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर वेल्ह्यातली पानशेतची समूह शाळा. पानशेतसारख्या ठिकाणी चांगली इमारत, जास्त शिक्षक, प्रयोगशाळा, न्यायला-आणायला गाडी या गोष्टी मिळू शकतात, हे आम्ही नाकारत नाही. सात पोरांच्या शाळेत एकटा शिक्षक चार इयत्ता हाकतो, त्यात शिक्षण किती होते, हाही प्रश्न खरा आहे. परंतु गाडी ज्या दिवशी बंद पडते त्या दिवशी पहिली घरी बसते ती मुलगी, आणि तिच्यातही धनगरवाड्यावरची किंवा कातकरी वस्तीवरची. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळायला हवी. प्रयोगशाळा हवी असेल तर घराजवळची शाळा सोडा, असा सौदा गरिबाच्याच पोरापुढे का ठेवता? केंद्राच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांना प्रत्येकी वीस लाखांपर्यंत अनुदान आहे, पण त्या सहावीच्या पुढच्या वर्गांसाठी. चौथीपर्यंतच्या वाडीवरच्या शाळेला त्यातला रुपयाही लागू होत नाही. त्या शाळेला डबा, पट्टी, दोरी आणि खुंट्या तरी द्या.

शिक्षकांवर सगळा दोष टाकणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. मतदार याद्या त्यांनी करायच्या, सर्वेक्षणे त्यांनी करायची, रोजची माहिती मोबाइलवर त्यांनीच भरायची. आमच्या पाहण्यातल्या एका शाळेत विज्ञानाची पेटी आली ती कपाटात कुलूपबंद राहिली. काच फुटली तर भरपाई कोण देणार, असे गुरुजींचे म्हणणे, आणि ते अगदीच गैर नव्हते. वस्तू मोडायची परवानगी नसेल तर प्रयोग होत नाही, पूजा होते. पेटी देणाऱ्या संस्थांनी तुटफुटीची रक्कम आधीच बाजूला ठेवावी. फलकासमोर पोरांना टोप्या घालून फोटो काढल्यावर पुढची तीन वर्षे कोण येणार, हेही त्यांनी सांगावे. एक दिवसाची जत्रा आम्हाला नको. पावसाळा चार महिन्यांचा असतो, नोंद चार महिन्यांची हवी.

चळवळीलाही चार शब्द सांगायचे आहेत. आमच्याकडे कवी पुष्कळ झाले, वकील झाले, प्राध्यापक झाले, सरकारी अधिकारी झाले, अभियंतेही झाले. भूशास्त्रज्ञ किती झाले? बोटांवर मोजावे लागतील. पाणी, वाळू, खाणी, धरणे, डोंगर यांवर निर्णय घेणाऱ्या खोलीत आमचा माणूस नसतो आणि बाहेर मोर्चात मात्र आमचीच माणसे असतात. मोर्चा हवाच. पण आत बसलेला तज्ज्ञ जेव्हा 'येथे भूजल पुरेसे आहे' म्हणतो, तेव्हा त्याचा अहवाल उलगडून त्यातली चूक दाखवणारी मुलगी भोर-वेल्ह्यातून निघाली पाहिजे. पुण्यात शिकणाऱ्या आमच्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक रविवार या डोंगरांना द्यायला काय हरकत आहे? एसटीचे भाडे आणि भाकरी, याहून अधिक खर्च नाही.

शाळा सुटीच्या दिवशी बंद असते, विहार बंद नसतो. गावोगावच्या विहारांत रविवारी वंदना होते, मुले जमतात. विहाराच्या अंगणात एक डबा ठेवावा, भिंतीवर एक तक्ता लावावा, आणि जूनपासून रोज साडेआठ वाजता नोंद करण्याचे काम एका मुलीकडे आणि एका मुलाकडे द्यावे. शेजारच्या मराठा, धनगर, कोळी, कातकरी पोरांनाही बोलवावे. पाऊस सगळ्यांच्याच छपरावर पडतो. ज्या विहारांना हे करायचे असेल त्यांनी डबा सरळ भिंतीचा घ्यावा. वर रुंद आणि खाली निमुळता घेतला तर आकडा चुकतो. का चुकतो, ते मुलांना आधी सांगू नये. दोन्ही डबे शेजारी ठेवून त्यांनाच शोधू द्यावे.